चार ग्लास
चिवड्यावर कांदा चिरून लिंबू पिळलं, की त्या वासासरशी मला गंगापूर रोडवरचं आमचं जुनं घर आठवतं. दर शनिवारी संध्याकाळी कंपनीतले तीन मित्र माझ्याकडे प्यायला यायचे, आणि बायको चिवडा कालवून, चार ग्लास मांडून, लेकीला घेऊन शेजारी जाऊन बसायची. एका बुधवारी कामावरून येताच मी तिला म्हणालो, “आज पण येताहेत सगळे.” खरं तर कुणीच येणार नव्हतं, मला एकट्यालाच प्यायची होती. तिने कांदा चिरला, चार ग्लास पुसून ठेवले. लेक चपला घालताना म्हणाली, “बाबा, काका लोक गेले की हाक मार हं.” ते तीन जादा ग्लास बघून माझ्या ध्यानात आलं; प्यायला मला आता मित्रही लागत नव्हते, नुसतं त्यांचं नाव पुरत होतं. “थांबा,” मी म्हणालो, “कुणी येणार नाहीये. खोटं बोललो मी.” बायको दारातच थबकली, मग चपला काढत म्हणाली, “बरं झालं बोललात. चला, चिवडा मऊ पडायच्या आत खाऊन घेऊ.” इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पुढे शनिवारही सुटले. आज त्या वासाने तोंडाला पाणी सुटतं, ते चिवड्यासाठीच.