बोट किनाऱ्याला असतानाची गोळी

मुरबे गावची जयवंती मासळी विकते. सांधेदुखीने हात इतके सुजतात की पापलेट कापतानाही तिच्या डोळ्यांत पाणी येतं. पालघरच्या आमच्या दवाखान्यात नव्या औषधाच्या चाचणीसाठी मीच तिचं नाव लिहिलं. आधी महिनाभराच्या दोन अटी होत्या: दुखण्यावरचं कुठलंही औषध बंद, आणि दिवस राहू नयेत म्हणून रोज एक गोळी.

महिन्याने ती आली. दुखण्यावर तिने काहीच घेतलं नव्हतं. रडत रडत मासळी कापली होती. पण त्या रोजच्या गोळीच्या पाकिटात एकोणीस गोळ्या तशाच!

"अहो ताई, रोज घ्यायची होती ना?"

"बोट किनाऱ्याला होती तवा रोज घेतली की. नवरा दर्यात गेल्यावर कशाला?"

डॉक्टर म्हणाले, नियम म्हणजे नियम, नाव बाद. मला रागच आला. तिचा की नियमाचा, ते कळेना. चुकून दिवस राहिले तर औषधाने बाळाला अपाय होईल, असं मी तिला तीनदा समजावलं.

"सिस्टर, नवरा दर्यात असताना मला दिवस गेले असते, तर तुमच्या आधी गावानंच मला बाद केली असती."