मृणालची फेरी आणि अण्णाचा जीव

अण्णा गेला तेव्हा मृणाल मैदानावर होती. डॉक्टरांनी बाहेर येऊन मान हलवली, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? पोरीची फेरी अजून उरलीय! निर्लज्ज म्हणा हवं तर. पण माझ्या या थोरल्या भावानं सकाळीच मास्क बाजूला करून बजावलं होतं, "फेरी संपेपर्यंत तिला कळवायचं नाही. काही झालं तरी." परदेशी गोल्फ टूरचं कार्ड, म्हणजे तिथल्या स्पर्धांत खेळायचा परवाना, मिळवायची तिची ती शेवटची फेरी होती...

केदार आणि मृणाल, आपल्या दोघा पोरांना गोल्फचा नाद अण्णानंच लावला. पण जीव टांगलेला मृणालसाठी. "केदारला वेळ आहे गं. पुरुष तिशीतही वर येतात. मुलींच्यात अठराच्या पोरी जिंकतायत, आणि हिची चोविशी आली!" मी चिडायचे. "अरे, पोरगी आहे ती, दूध नाही नासायला!" हसायचा, आणि इथल्या कानडीच्या सवयीनं "स्वल्प थांब, बघशील," म्हणून पुन्हा काळजीतच. राजाजीनगरच्या आमच्या घरात त्या काळजीला वेगळी खोलीच द्यायला हवी होती.

त्या दिवशी दवाखान्यात केदार आणि मी फोनकडे बघत बसलो. वाजू नये असं वाटत होतं, आणि वाजलाच.

"आत्या, अण्णाला दे ना... रागावेल का गं? गवतात चेंडूमागे काठी टेकवली आणि चेंडू हलला. कुणी पाहिलं नाही. मीच सांगून दंडाचा एक जादा फटका घेतला. तेवढ्या एका फटक्यानं कार्ड गेलं."

या खेळात आपली चूक आपणच सांगायची, हे दोघांना अण्णानंच शिकवलेलं. केदारनं फोन घेतला आणि रडत रडत सांगितलं. तिनं एकच विचारलं, "कार्ड गेलेलं त्याला कळलं का?"

नाही कळलं. सुटला बिचारा, असं वाटलं मला. पण पोरगी शिकवणीला जागली, हेही नाही कळलं. ती हळहळ अजून जात नाही.

महिना झाला. हॉलमधल्या हिरव्या पट्टीवर मृणाल पहाटे पुन्हा पटिंग करते, टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवून. पुढच्या वर्षी पंचविशी... आता रात्री डोळा लागत नाही तो माझा. चेंडू पेल्यात खणकला की आम्ही दोघी क्षणभर थांबतो. अण्णानं कधी शाबासकी दिली नाही. आतल्या खोलीतून नुसतं कानडीतलं 'ठीक' म्हणायचा, "सरी. आणि एक."

परवा चेंडू खणकल्यावर शेवटी मीच ते म्हटलं. मृणालनं मान वर केली नाही, पुढचा चेंडू मांडला.