नव्वदच्या वेगाला थरथरणारं स्टिअरिंग

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी खालापूरचा टोलनाका ओलांडून मी पनवेलच्या दिशेला लागले. काटा ऐंशीच्या पुढे गेला तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं. आधी बोटांना मुंग्या आल्यासारखं वाटलं, नव्वदला मनगटं हलू लागली. सत्तरवर आणलं की सगळं शांत. पुन्हा वेग वाढवला, पुन्हा तेच. शेवटी डाव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागून सत्तरने गेले आणि तळोज्याला पंधरा मिनिटं उशिरा पोचले. उशिरा पोचणं मला माहीत नाही, त्यामुळे ती पंधरा मिनिटं अजून लक्षात आहेत.

साजगावच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं स्टोअर सांभाळते. आमच्याच कंपनीच्या तळोज्याच्या मोठ्या कारखान्यात स्टोअरप्रमुख म्हणून येणार का, असं मला विचारलं होतं. त्या दिवशी जागा बघायला गेले होते. उत्तर पुढच्या सोमवारपर्यंत द्यायचं होतं, रुजू एक तारखेला व्हायचं होतं. आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. बस आणि रिक्षा जोडत तळोज्याला जायचं तर रोजचे पाच तास रस्त्यात जाणार. त्यामुळे हिशोब सोपा होता. एक्सप्रेसवेवर गाडी नव्वदला नीट चालली तर होकार, नाहीतर नकार. वहीत मी एवढी एकच ओळ लिहिली होती.

बुधवारी गाडी शिळफाट्याच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने ती मागच्या गल्लीत चाळीसच्या वेगाने फिरवून आणली आणि काही नाही म्हणाला. वर, साहेबांना एकदा चालवायला सांगा, त्यांना नेमकं कळेल, असंही सुचवलं. आमचे साहेब, म्हणजे माझे यजमान, आयुष्यभर स्कूटरवर फिरलेले आहेत हे मी त्याला सांगितलं नाही.

गुरुवारी कुंभिवलीच्या टायरवाल्याकडे बॅलन्सिंग करून घेतलं. चाक यंत्रावर फिरवायचं, कुठली बाजू हलकी आहे ते बघायचं आणि तिथे रिमला छोटी वजनं लावायची, एवढंच ते काम. घरी येताना मोकळ्या रस्त्यावर काटा नव्वदला नेला, गाडी लोण्यासारखी चालली. मी वहीत बरोबरची खूण केली. शुक्रवारी कामावरून सुटल्यावर खात्री करायला पुन्हा एक्सप्रेसवेवर गेले, तर थरथर पहिल्यापेक्षा जास्त. खूण खोडावी लागली.

त्या रात्री जेवताना यजमान म्हणाले, “राहू दे ना गं. इथं सगळे तुला ओळखतात. सांग त्यांना, घरचं जमत नाही म्हणून.” त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. रोज एवढ्या वेगात एकटी जाणार, याची त्यांना खरी काळजी होती. सासरे मात्र हसत म्हणाले, “गाडीला कळलं असंल, हिला आता रोज तळोज्याला न्यायचं हाय. भ्याली ती.” सगळे हसले, मीही हसले. भांडी आवरून झाल्यावर वही उघडली.

आमच्या कामात एखादा माल बिघडला की आम्ही कोणाला बोल लावत नाही, आधी प्रश्न लिहितो. तसेच लिहिले. कधी होतं? ऐंशीच्या वर. कुठे जाणवतं? स्टिअरिंगला, सीटला नाही; म्हणजे दोष पुढच्या चाकांकडे. ब्रेक मारल्यावर वाढतं का? नाही; म्हणजे ब्रेकच्या तबकड्या ठीक असाव्यात. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर थांबतं का? नाही, म्हणजे इंजिनाकडून चाकांकडे जाणारे दांडे बहुतेक ठीक. शेवटचा प्रश्न आम्ही नेहमी विचारतो तोच: पूर्वी ठीक होतं, तर मधे काय बदललं?

त्या प्रश्नापुढे पेन थांबलं. दसऱ्याला पनवेलला गेलो होतो, तेव्हा गाडी नव्वदला सुरळीत चालली होती. त्यानंतर नवा टायर नाही, खड्ड्यात आदळणं नाही. मग मागचा रविवार आठवला. खालच्या खाचरात भाताची कापणी चालू होती. माणसं जास्त म्हणून भाकऱ्या, सुकटीचं कालवण आणि पाण्याचे कॅन डिकीत घालून मी गाडी थेट बांधापर्यंत नेली होती. परतीच्या पावसाने तिथला चिखल सुकला नव्हता. पुढची चाकं रुतून जागेवरच गरगरली, चौघांनी ढकलून गाडी बाहेर काढली. घरी येऊन मी पाइप लावून ती धुतली. लख्ख धुतली. बाहेरून.

शनिवारी अर्धा दिवस सुट्टी होती. दुपारी अंगणात मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, नट आधी सैल केले आणि मग जॅक चढवला. सासरे ओटीवरून बघत होते. डावं पुढचं चाक काढून पालथं केलं. रिमच्या आतल्या बाजूला अर्ध्या गोलात बोटभर जाड चिखल बसला होता, उन्हाने आणि ब्रेकच्या उष्णतेने भाजून कडक झालेला. एका जागचा मोठा पापुद्रा नुकताच निखळलेला दिसत होता.

सासरे खाली उतरून आले, नखाने खरवडून बघितलं आणि चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद आला. “ही आपल्या खालच्या खाचराची माती. हिनंच चूल सारवतो आपन. तडकायची नाय ती.”

“तडकलीय, बाबा. हा बघा तुकडा गेलेला.”

आता सगळं जुळलं. टायरवाल्याने चिखलासकट चाक तोललं होतं आणि त्या चिखलाच्या मापाने वजनं लावली होती. म्हणून गुरुवारी बरं वाटलं. शुक्रवारी पापुद्रा निखळला आणि तीच वजनं उलटी पडली. चूक टायरवाल्याची होती त्याहून माझी जास्त होती. पोत्यासकट तोललेला माल आला तर मी तो फाटकातूनच परत पाठवते, आणि चाक मात्र तसंच देऊन आले होते.

खुरप्याने दोन्ही चाकं आतून साफ केली. सासरे म्हणाले, आन काटा. डावीकडच्या चाकाची माती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीनशे दहा ग्रॅम भरली, उजवीकडची नव्वद. वहीत लिहिलं. मागची चाकंही काढून पाहिली, ती जवळजवळ कोरी होती. चाकं बसवून संध्याकाळी गाडी कुंभिवलीला नेली. टायरवाला म्हणाला, “मॅडम, परवाच केलंय. मशीन खोटं सांगत नाही.” मी म्हटलं, मशीनने खरंच सांगितलं, आपण त्याला चिखल तोलायला दिला. तीनशे दहा ग्रॅमची पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली. त्याने ती हातात घेऊन वरखाली केली, जुनी वजनं काढली आणि चारही चाकं नव्याने तोलली. नंतर यंत्राशेजारी लोखंडी ब्रश ठेवायला हवा, असं स्वतःशीच पुटपुटला.

रविवारी सकाळी निघाले तेव्हा सासरे धुतलेला सदरा घालून आधीच पुढच्या सीटवर बसले होते. टोलनाका गेला. ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. मी दोन बोटांवर स्टिअरिंग धरलं होतं. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवायचे तसा, आणि बराच वेळ उचलला नाही.

“काय हालत नाय गं,” ते म्हणाले. मग म्हणाले, “तुजी कंपनी कुठं हाय ती दाव.”

तळोज्याला कारखाना बंद होता. ते उतरून फाटकापाशी गेले. पहारेकऱ्याने काय काम आहे विचारलं, तर माझ्याकडे हात करून म्हणाले, “ही माजी सून. एक तारखेपासून इथलं स्टोअर हिच्याकडं हाय.”

पहारेकरी खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी अजून कोणालाच होकार दिलेला नव्हता. सासऱ्यांना गाडीत बसवलं, मोबाइल काढला, दोन ओळींचं उत्तर लिहून पाठवलं आणि मग गाडी वळवली.