सव्वा लाखाचं भंगार

कोणी वाकडं बोललं की डायवरदादा खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारायचे. शिवी नाही, आरडाओरडा नाही. गाठ मारायची आणि म्हणायचं, "मी इसरत नसतो, मिस्तरी."

मिस्तरी म्हणजे मी. पांढरकवड्याला हायवेला लागून माझं गॅरेज आहे. दादा जवळच्या बंजारा तांड्यातले, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. डूख धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण दादांची तऱ्हाच न्यारी. एका हॉटेलवाल्याने त्यांना पाणचट चहा पाजला होता. तेव्हापासून ते रोज त्याच्या समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे, त्याला दिसेल असा, चवीचवीने.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी कार होती. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी यवतमाळला डायलिसिस. गाडी त्यासाठीच. एका सकाळी ती माझ्या गॅरेजपुढे उभी असताना मागून ट्रकने ठोकली. ट्रकवाला थांबलाही नाही. आत कोणी नव्हतं हे नशीब, पण गाडीचा पार चेंदामेंदा झाला.

पॉलिसीत गाडीची किंमत दोन लाख धरलेली, हप्ताही त्यावरच घेतलेला. विमा कंपनीचा सर्व्हेअर यवतमाळहून आला. काळा चष्मा. भला माणूस खालीसुद्धा उतरला नाही, काच तेवढी खाली केली.

"बाबा, गाडी म्हातारी झाली तुमची. हिच्या भंगाराचेच सव्वा लाख येतात. ते कापून पाऊण लाख घ्या, भंगार तुम्हीच ठेवा."

सव्वा लाख! त्या पत्र्याचे कोणी तीस हजार दिले असते तर मी त्याच्या पाया पडलो असतो. माझं डोकं सटकलं. दादांनी माझा हात धरला.

"साहेब, पाऊण लाखात दुसरी गाडी येत नाही. बायकोले दवाखान्यात न्या लागते."

"मग एसटीने न्या की. तुम्हाला तर पास असेल."

दादांनी गाठ मारली. इतकी कच्चून, की दुपट्टा टर्रकन फाटला.

पुढे नुसत्या चकरा. आज या, उद्या या, फाईल वर गेलीय. तोवर काकू एसटीने जात. परत येताना अंगात त्राण नसे. कधी जागा मिळे, कधी दांडीला धरून उभं राहावं लागे. उभी हयात एसटी चालवलेल्या माणसाने ते शेजारी उभं राहून पाहायचं.

एकदा म्हणाले, "तिले वकारी होते बसमधी. लोकं नाक दाबतात. मिस्तरी, मले त्या साहेबाचं नाक दाबाचं हाय."

मग एक दिवस ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊनच आले. साखळीने आम्ही ती चेंदलेली गाडी ट्रॉलीत चढवली. मी विचारलं, "कुठं न्यायची, दादा?"

"आमचे आजे-पणजे बैलाईवर मीठ वाहत. ज्याचा माल त्याच्या दारात टाकल्याबिगर तांडा माघारी फिरत नसे. हा माल साहेबाचा हाय. भाव त्यानंच केला."

यवतमाळला थेट त्याच्या ऑफिसच्या दारात ट्रॉली लावली. दादांनी खालूनच हाक दिली, "साहेब, सव्वा लाखाचा माल आणला. उतरवून घ्या, अन् मले पुरे दोन लाख द्या!"

या खेपेला साहेब धावत खाली आला. कंपनी भंगार घेत नाही म्हणाला. "मग ज्यानं भाव देला त्याले बोलवा," दादा म्हणाले आणि चाकाला टेकून बसले. बघे जमले, रस्ता अडला. शेवटी कागदावर सव्वा लाखाचा भाव लिहून देणारा भंगारवाला आला. साहेबाचाच माणूस, पण खिशातून पैसे काढायची वेळ आल्यावर कसलं साहेब आणि कसलं काय! सगळ्यांदेखत बोलून गेला, "तीसच्या वर एक रुपया देणार नाही." हशा पिकला. खरं सांगतो, स्वतःच्या लग्नातही मी इतका खूश नव्हतो.

महिनाभरात एक लाख सत्तर हजार आले. दादांनी सेकंडहँड गाडी घेतली. काकू तिच्यात थोडेच दिवस बसल्या. एसटीच्या त्या हेलपाट्यांनी त्यांचा जीव पार खाल्ला होता. डॉक्टर काही म्हणोत, दादांच्या लेखी त्यांना त्या साहेबानेच मारलं. माझ्याही लेखी.

तेरवी उरकली आणि पुढच्या मंगळवारी दादा गाडी घेऊन निघाले.

"आता कायले जाता, दादा?"

"वार हाय न तिचा."

त्या ऑफिससमोर गाडी लावायची, खिडकीकडे बघत हॉर्न दाबून धरायचा आणि घरी यायचं. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. साहेबाने पोलिसांत सांगून पाहिलं, जाड पडदे लावले, एकदा तर खाली येऊन हात जोडले. दादांनी काच तेवढी वर केली. म्हातारा येडा झाला, असं लोक म्हणायचे. मी कधी अडवलं नाही. हॉर्न बिघडला की फुकटात नीट करून द्यायचो.

यंदा पोळ्यानंतर दादा झोपेतच गेले. त्यांच्या पोरीने गाडी विकायला माझ्याकडे लावली. गिऱ्हाईक यवतमाळचं निघालं, म्हणून दाखवायला घेऊन गेलो. शुक्रवार होता. ते ऑफिस वाटेतच लागलं. मी गाडी उभी केली आणि हॉर्न दाबला.

पडदा सरकला. साहेबाने दचकून आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अरे, म्हातारा गेला म्हणत होते न?"

"गेला," मी म्हटलं, आणि हात पुन्हा हॉर्नवर ठेवला.