मावशीच्या ओव्या

अंधेरीतल्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. आमचं नोट्स लिहून ठेवायचं अ‍ॅप आहे. आता त्यात एआय सहायक आलाय: तुम्ही बोलून सांगायचं, त्याने करायचं. नोट शोधणं, नवी करणं, दोन नोट्स जोडणं, अशा प्रत्येक कामासाठी त्याला वेगळी सोय दिलेली असते आणि प्रत्येक सोयीपुढे दोन-तीन ओळींचं वर्णन असतं. ते वाचूनच कुठली सोय कधी वापरायची हे तो ठरवतो. ती वर्णनं मी लिहिते.

हे अ‍ॅप बोरिवलीच्या मावशीला मीच दिलं. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिला नाद लागला होता जात्यावरच्या ओव्यांचा. सोसायटीतल्या, गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायची, त्या म्हणतील तशी ओवी टिपून घ्यायची, खाली त्यांचं नाव लिहायची. एकच ओवी चार जणींकडे चार तऱ्हेची असायची. मावशीला त्यातच गंमत वाटायची. एकीचा भाऊ होडीतून येतो, दुसरीचा बैलगाडीतून. तिच्याच मजल्यावरच्या एका आजींच्या ओवीत भाऊ येतच नाही, बहीण दळण संपवून उठते आणि दार लावून घेते. त्या आजी वारल्यावर मावशीने मला ती ओवी फोनवर म्हणून दाखवली होती.

नोट्स जोडण्याच्या सोयीचं वर्णन मी असं लिहिलं होतं: ‘सारख्या नोट्सची मिळून एक नोट करते. मूळ नोट्स कायमच्या पुसल्या जातात. आधी माणसाला विचारा.’ आमच्या टीम लीडने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ठेवलं.

“अगं, एवढं पाल्हाळ कशाला? त्याला कळतं ना ते,” तो म्हणाला.

“नाही कळत रे. आपण लिहू तेवढंच त्याला कळतं.”

“यार, पुढच्या वेळी बघू.”

गावी लग्नाला जायच्या आदल्या दिवशी मावशीने सहायकाला सांगितलं, “माझ्या सगळ्या ओव्या एकत्र कर.” तिला म्हणायचं होतं, एका जागी ठेव. गावाहून महिनाभराने परतल्यावर तिने अ‍ॅप उघडलं आणि मला ऑफिसात फोन केला. मन गुंतलं की ती मालवणीवर येते.

“गो, माझ्या बाकीच्या ओव्या खंय गेल्या?”

मी तिथूनच तिचं खातं उघडून बघितलं. चार तऱ्हांची मिळून एकच ओवी झाली होती. सगळ्याच ओव्यांचं तसं झालं होतं. यमकं जुळलेली, शब्द शुद्ध, खाली कुणाचंही नाव नाही. भाऊ होडीतून येत होता.

सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलीकडे मी धावत गेले. तिने मन लावून शोधलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. “जुन्या प्रती आपण थोडेच दिवस ठेवतो गं. त्या उडाल्या. सॉरी.”

रविवारी बोरिवलीला गेले. मावशी ओरडेल असं वाटलं होतं, तर तिने चहा पुढे केला.

“आवाज नाही का गं रेकॉर्ड केलास कुणाचा?”

“फोन समोर धरला की लाजायच्या त्या. मग मी बाजूलाच ठेवायचे.”

ज्या बायका आहेत त्यांच्याकडे पुन्हा जाता आलं असतं; ज्या गेल्या त्यांच्या ओव्या आम्ही आठवून लिहायला बसलो. ती डोळे मिटून सुरू करायची, पहिली ओळ बरोबर यायची आणि पुढे तीच होडी. “थांब, थांब,” म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. गेले दोन दिवस मावशी ती जोडलेली नोटच वाचत बसली होती आणि आता तिच्या तोंडात तेवढीच बसली होती. आजींच्या ओवीतलं दार आम्हा दोघींनाही आठवत होतं. त्याआधीचे शब्द मात्र काही केल्या येईनात. मीही ती ओवी ऐकली होती, पण फोन कानाला लावून, स्टेशनच्या जिन्यावर, अर्धं लक्ष देऊन.

“त्यालाच विचारू या ना,” मावशी एकदम म्हणाली. “पुसायच्या आधी त्यानेच वाचल्यान मगे सगळ्या. त्याला आठवत असतील.”

“त्याचं तसं नसतं गं. तेव्हाचं बोलणं तिथेच संपलं. त्याच्याकडे काही उरत नाही.”

“विचारून बघायला काय जातं?”

शाळेतल्या बाई बोलतात तशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं. आजींचं नाव सांगितलं, मजला सांगितला, दाराचंही सांगितलं. सहायकाने दिलगिरी व्यक्त केली. ती नोट त्याला सापडत नव्हती. मग अगदी गोड आवाजात तो म्हणाला, तुम्हाला हवी असेल तर भाऊ न आल्याची नवी ओवी मी आत्ता लिहून देतो.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मी अ‍ॅप बंद केलं.

सोमवारी माझं मूळ तीन वाक्यांचं वर्णन तसंच्या तसं अ‍ॅपमध्ये गेलं. “झकास, एकदम क्लिअर आहे,” लीड म्हणाला.