विठूकाकांचे हात

माझी जीभ तिखट आहे हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी कळायला आठवडा लागला. तिखट तर तिखट, पोटात काही ठेवत नाही, असं मीच कौतुकाने सांगायचे. त्याच जिभेने मी एका माणसाला त्याच्या लेकीपासून तोडलं. हे मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही.

आमचं घर दापोड्याचं. जमिनी गोदामांना गेल्या आणि पैसा आला, तेव्हा भाऊबंदांनी बंगले बांधले, गाड्या घेतल्या. माझे सासरे केसरीनाथ यांनी वज्रेश्वरीच्या अंगाला उताराची जमीन घेऊन द्राक्षं लावली. भिवंडीत द्राक्षं. लोक हसले, मीही हसले. त्यात बाबांना साधी वाइन नको होती, बुडबुड्यांची हवी होती. "आपल्याकडं हळदीला दारू लागतेच, मग जरा बरी तरी पिऊ दे लोकांना," म्हणायचे. वर्षाआड पावसाने वेली काळ्या पडायच्या, कमी पडलेली द्राक्षं नाशिकहून आणायला लागायची, पण म्हाताऱ्याचा हट्ट टिकला. बाग माझा नवरा मनोज बघतो. तळघर आणि विक्री माझ्याकडे.

तळघरातला खरा माणूस मात्र विठूकाका. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या गावचे कुणबी. त्यांची बायको गुणाबाई आमच्याकडे छाटणीला यायची, तिच्यामागून तेही आले. या वाइनचं असं असतं की ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते आणि आत गाळ धरते. तो काढायचा तर भोकं पाडलेल्या फळ्यांत बाटल्या तोंड खाली करून लावायच्या आणि दीड महिना रोज एकेक बाटली जराशी फिरवायची, जराशी उभी करायची. मग गाळ हळूहळू तोंडाशी येऊन बसतो. हिसका बसला की गाळ उठला, सगळी मेहनत पाण्यात. बाबांनी विठूकाकांना हे एकाच वाक्यात शिकवलं होतं. "झोपलेल्या तान्ह्या पोराची कूस बदलतात ना, तशी बदल. जागं होता कामा नये."

चौदा वर्षं विठूकाकांनी ती कूस बदलली. एका वेळी दोन हातांत दोन बाटल्या, फळीवर टकटक आवाज, नजर पुढच्या जोडीवर. एक बाटली गढूळ निघाली नाही. गुणाबाई गेली तेव्हा दहावं-तेरावं उरकून चौदाव्या दिवशी माणूस हजर.

आणि या वाइनचा थेंब त्यांनी कधी चाखला नव्हता. तरुणपणी भरपूर प्यायचे. मुलगी मेघाली दोन वर्षांची असताना नशेत तिला कडेवरून पाडली, तिच्या भुवईवर चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "परत घेतली तर हिचं मेलेलं तोंड बघीन." तेव्हापासून बंद. ही गोष्ट त्यांनी स्वतःच मला सांगितली होती, म्हणजे मला माहीत नव्हती असंही म्हणता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आम्ही एक मोठी खेप उघडायला घेतली आणि बाटल्यांमागून बाटल्या गढूळ निघाल्या. बाराशे. मी तळघरात गेले. विठूकाका फळीला टेकून उभे होते. उजवा हात थरथरत होता. चालताना पाय ओढत होते, बोलणं जड आणि पुटपुटल्यासारखं, अंगाला वाइनचा वास. आमच्या तळघरात बाटल्या फुटतात, आत गेलेल्या प्रत्येकाच्या अंगाला तो वास येतो, माझ्याही येतो. पण डोकं फिरलं की आठवतं कोणाला?

"कधीपासून चालू केलीत?" मी सगळ्या बायामाणसांसमोर विचारलं.

"वहिनी, मी घेत न्हाय. तुमाला म्हाईत हाय."

"चोराच्या उलट्या बोंबा. तुमचे हातच सांगतायत."

सासूबाई, गोदूबाई, दारात उभ्या होत्या. "निशा, माणूस बघून बोल जरा," एवढंच त्या म्हणाल्या. विठूकाकांनी खिशातून तळघराची किल्ली काढली. थरथरत्या हाताने ती खाली पडली, वाकून त्यांनीच उचलली आणि पिंपावर ठेवून गेले. मला वाटलं, बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला.

तेवढ्यावर थांबले असते तर निशा कसली? मी मेघालीला फोन केला. ती टेमघरला दिलेली, सातवा महिना चालू होता. भल्यासाठीच करतेय असं स्वतःला सांगत म्हटलं, "बापाकडे लक्ष दे गं, परत सुरू झालंय." पोटात पोर आणि डोक्यावर मोडलेली शपथ. तिला काय वाटलं असेल याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुढचं मला श्रावणात कळलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले होते. तिथे पायरीवर विठूकाका, दोन्ही हात पाण्यात सोडून बसलेले. शेजारी त्यांची थोरली बहीण आक्का. माणूस अर्धा झाला होता. तोंडावरची रेघ हलत नव्हती. आक्का त्यांना बशीने चहा पाजत होती, सकाळी नऊ वाजता, लहान मुलाला पाजतात तसा. आमचं तळघर सोडून आठ महिने झाले होते आणि हात पहिल्यापेक्षा जास्त थरथरत होते. हे दारूचं नव्हतं, मला तिथेच कळलं. मी त्यांच्या शेजारी ओल्या पायरीवर बसले.

आक्काने मला सोडलं नाही, आणि बरोबर केलं. "ताडाखाली बसून दूध पिला तरी लोक ताडीच म्हणतात, बाई. पण तू लोक व्हतीस का? चौदा वर्सं बघत व्हतीस." मग तिने बारशाचं सांगितलं. विठूकाका चांदीचे वाळे घेऊन टेमघरला गेले होते. जावई सागर दारात आला नि हळू आवाजात म्हणाला, "मामा, आज नको. ती नाय म्हणतेय." विठूकाकांनी वाळे त्याच्या हातात दिले आणि आले तसे परत गेले. आत बायका पाळणा म्हणत होत्या, ते त्यांना जिन्यात ऐकू येत होतं.

मी त्यांना ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. कंपवात. डॉक्टर म्हणाले, तीन-चार वर्षांपासून असणार, मनगट आखडतं, पाय ओढला जातो, आवाज बसतो, लोकांना दारूच वाटते. गोळ्यांनी थोडं बरं वाटेल, पण वेळ गेला आहे. बाहेर आल्यावर मी त्यांचे पाय धरले तर म्हणाले, "माझं जाऊ द्या. मेघालीला सांगा."

टेमघरला जाऊन मी मेघालीसमोर सगळं बोलले, माझा एकही शब्द न लपवता. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने फक्त पोरीला कपडे घातले, पायांत ते चांदीचे वाळे चढवले आणि म्हणाली, "चला."

विठूकाका ओसरीवर बसले होते. मेघालीला बघून उठायला गेले, उठता आलं नाही. "तुझ्या डोक्याची शपथ न्हाय मोडली गो," पहिलं वाक्य हे.

"ठाव हाय, बाबा," म्हणत ती रडायला लागली आणि पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवायला वाकली.

त्यांनी पटकन दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले. हात दाबून त्यावर बसले. तरी खांदे हलतच होते.

"नको. एकदा पाडली हाय."

"मी धरते ना खालनं."

"नको गो." पोरीकडे ते कितीतरी वेळ बघत राहिले. वाळे वाजले की डोळे तिकडे जायचे. मग कोणाला दोष न देता, पाऊसपाण्याचं सांगावं तसं म्हणाले, "बारशाला घेतली असती. तवा डावा हात चालत व्हता."

मेघालीने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी ओसरीवरून उतरून गाडीत जाऊन बसले.

विठूकाका अजून आहेत. पोरगी आता चालते, त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहते, आणि ते हात मांडीखाली घालून बसतात.