खालची मंडळी

आमच्या घराचं नाक म्हणजे माझी मोठी जाऊ, सिबेत. पावसाने खाडीकाठच्या भातशेतातला खार धुऊन काढला की लावणीआधी ती वाफ्यात उतरायची, कोपरापर्यंत हात घालून काळा चिखल वर काढायची आणि हुंगायची. त्या चिखलात न दिसणारे जीव असतात. त्यांना हवा सोसत नाही, खाऱ्या पाण्यातल्या गंधकावर ते जगतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतात, असं शाळेतले मास्तर सांगतात. सिबेत नुसतं म्हणायची, "खालची मंडळी जागी आहेत."

मंडळी फार माजली तर भाताची मुळं काळी पडतात. मग बांधातली ताडाच्या पोकळ खोडाची मोरी उघडून पाणी सोडायचं, चिखलाला वारा द्यायचा. पण चिखल जास्त वाळला तर वाफा लाल पडून आंबतो आणि तिथे काहीच येत नाही. मोरी कधी उघडायची, कधी बुजवायची, हे तीच ठरवायची. घराला एक नाक असताना दुसऱ्याने हुंगायचं नसतं.

त्या वर्षी ती तापातून उठली ती वासाला पारखी होऊन. उतरलेल्या माशाचा रस्सा तिने भाताबरोबर मिटक्या मारत खाल्ला, तेव्हा मला कळलं.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली.

"आणि लावणी?"

तिने आईची चांदीची अंगठी दाखवली. चिखलात पुरून ठेवलेली ती अंगठी गंधकाने कोळशासारखी काळी झाली होती.

तिने मोरी उघडायला सांगितलं. माझा नवरा आंपा कुरकुरला. "वहिनी, लावणीवाचून रोपं पिवळी पडायला लागलीत. एकदा पुन्हा हुंगा." त्याने ओंजळभर चिखल पुढे केला. तिने डोळे मिटून हुंगला. मला बघवेना.

"उघडा," ती म्हणाली.

अंगठी खोटं बोलली नव्हती. पण राखेने घासून पुन्हा पुरली की ती पुन्हा काळी व्हायची, फार वासालाही आणि जरा वासालाही. मी तिला बाजूला घेतलं. "जाऊबाई, चिखलाचा वास गेलाय. आता मोरी बुजवा."

"तुझ्या नाकाला काय कळतंय? मिरची नि राख एवढंच." आणि मोरी उघडीच राहिली.

वाफा लाल पडला. त्या वर्षी आम्ही विकतचा तांदूळ खाल्ला. तिला कुणी बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

पुढच्या वर्षी आंपाने हुंगायला शेजारच्या बाईला बोलावलं. तिने मोरी उघडायला लावली आणि काही दिवसांनी म्हणाली, आज बुजवा. सिबेत घरी तेलमाडाची फळं कांडत बसली. मी शेतातून आले तशी तिने माझा चिखलाचा हात ओढून नाकाशी धरला, बराच वेळ. मग सोडला.

"वास कसा येतोय?" तिने विचारलं.

"सडकी अंडी."

"डोळ्यांना झोंबतो?"

"थोडा."

"मग त्यांना सांग, आज मोरी बुजवू नका." ती पुन्हा कांडायला लागली. "आणि तुझ्याच नाकाने सांग. माझं नाव घेतलंस तर आंपा आत्ताच बुजवेल."